हायस्कूल बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचा सीझन: मराठी आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मूल हायस्कूलला गेलं की फेब्रुवारीच्या सुमारास आईबाबांकडून जवळपास हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. आधी एक गोष्ट. खेळाचे नियम एनएफएचएस ही इंडियानापोलिसची राष्ट्रीय संघटना छापते. ते कसे लागू होतील आणि कोण खेळू शकेल, हे राज्याची संघटना ठरवते: टेक्सासात यूआयएल, न्यू जर्सीत एनजेएसआयएए, कॅलिफोर्नियात सीआयएफ. उरलेलं शाळा ठरवते. त्यामुळे डॅलसच्या मैत्रिणीने छातीठोकपणे सांगितलेला नियम न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालेलच असं नाही.

१. सीझन नेमका कधी असतो?

बहुतेक राज्यांत वसंतात. उबदार राज्यांत जानेवारी-फेब्रुवारीत ट्रायआउट (संघाची निवड चाचणी) होतात, थंडीच्या राज्यांत मार्चमध्ये. तिथे पहिले काही दिवस जिममध्ये टेनिस बॉलवरच जातात, कारण बाहेर बर्फ असतो. सामने मे महिन्यापर्यंत चालतात आणि प्लेऑफ मे-जूनमध्ये उरकतात. आठवड्याला दोन-तीन सामने आणि मधल्या दिवशी सराव, एवढ्यात सगळं बसवायचं असतं.

अपवाद आहेत. आयोवात दोन्ही खेळ उन्हाळ्यात होतात. जॉर्जियात मुलींचं फास्टपिच सॉफ्टबॉल शाळा सुरू होताच, म्हणजे ऑगस्टपासून असतं. तिथे नव्याने गेलेल्या घरांत "फेब्रुवारीत बघू" म्हणता म्हणता अख्खं वर्ष हातचं जातं.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी खरी कसोटी मे महिन्यात असते. एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत येतात आणि नेमके तेव्हाच महत्त्वाचे सामने असतात. अभ्यासाचं वेळापत्रक मार्चमध्येच लावा.

२. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये फरक काय? मुलींसाठी सोपा केलेला खेळ आहे का?

नाही. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो, १२ इंच घेराचा आणि पिवळाधमक. बेसबॉलचा सुमारे ९ इंचांचा. लागला तर दोन्ही सारखेच लागतात. बेसमधलं (धावणाऱ्याने गाठायच्या ठाण्यांमधलं) अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा) बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंचांवरून उंचवट्यावर उभं राहून वरून फेकतो. सॉफ्टबॉलमध्ये ४३ फुटांवरून, सपाट जमिनीवर, हात पूर्ण गोल फिरवून खालून.

आता हिशोब करा. ४३ फुटांवरून ताशी ६० मैलांनी सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढाच वेळ साडेसाठ फुटांवरून ताशी ८४ मैलांनी आलेला चेंडू देतो. सॉफ्टबॉलच्या बॅटरला विचार करायला जास्त सवड मिळते, ही समजूत इथेच संपते.

आणखी एक मोठा फरक बेसवर दिसतो. बेसबॉलमध्ये रनर आधीच बेस सोडून दोन-चार पावलं पुढे सरकतो आणि पिचर त्याला टिपायला बघतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत पाय बेसवरच हवा, नाहीतर रनर आउट.

३. व्हर्सिटी, जेव्ही, फ्रेशमन म्हणजे काय?

शाळेचा मुख्य संघ म्हणजे व्हर्सिटी. त्याखालचा जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी), आणि शाळा मोठी असेल तर नववीच्या मुलांचा वेगळा फ्रेशमन संघ. नववीतलं मूल व्हर्सिटीत जाऊ शकतं, पण तिथे बाकावर बसण्यापेक्षा जेव्हीत रोज खेळणं कधीही चांगलं, असं माझं मत आहे. बरेच कोचही तसंच सांगतात, मात्र आईबाबांना ते पटायला वेळ लागतो.

४. आमचा मुलगा क्रिकेट खेळतो, बेसबॉल कधीच नाही. ट्रायआउटला जाऊ दे का?

जाऊ दे, पण नववीतच. अकरावीत पहिल्यांदा गेलेल्या मुलाची निवड होणं अवघड असतं. ट्रायआउट दोन-तीन दिवस चालतात. धावणं, ग्राउंड बॉल उचलून फेकणं, उंच झेल, बॅटिंग, शक्य असेल तर पिचिंग, हे सगळं कोच बघतात. यादी लागली की काही मुलं गळतात. त्यालाच इथे 'कट' म्हणतात.

क्रिकेटच्या मुलाची नजर आणि झेल चांगले असतात, पण सवयी आड येतात. चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पळावंच लागतं. क्रिकेटसारखं "नको, थांब" इथे नाही. पळताना बॅट टाकून द्यायची. मागे गेलेला फटका फाउल, म्हणजे लेट कटची हौस इथे निरुपयोगी. झेल ग्लोव्हमध्ये घ्यायचा, आणि तो ग्लोव्ह फेकायच्या हातात नसतो, दुसऱ्या हातात असतो. ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ हीच घेते. ट्रायआउटच्या दोन महिने आधीपासून रोज पंधरा मिनिटं भिंतीवर चेंडू फेकून ग्लोव्हमध्ये घेतला तरी फरक पडतो.

५. कागदपत्रं काय लागतात? मार्कांची अट असते का?

डॉक्टरांनी सही केलेला स्पोर्ट्स फिजिकलचा (खेळासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा) फॉर्म, पालकांची संमती आणि डोक्याला मार लागण्याबद्दलची माहिती वाचल्याची सही. ही कागदपत्रं नसतील तर पहिल्या दिवशी कोच मैदानात उतरूच देत नाही. फिजिकलची मुदत राज्यागणिक वेगळी असते, म्हणून मागच्या वर्षीचा फॉर्म अजून चालेल असं गृहीत धरू नका.

मार्कांची अट जवळपास सगळीकडे आहे, प्रमाण वेगळं. टेक्सासात १९८४ पासून 'नो पास, नो प्ले' कायदा आहे: ग्रेडिंग काळात एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं तर किमान तीन आठवडे सामने बंद. सराव करता येतो. ऑनर्स आणि एपी वर्गांना सवलत आहे का, हे शिक्षण मंडळाच्या धोरणावर असतं, काउन्सेलरला विचारा.

६. सामान काय घ्यायचं? बॅट चुकीची निघाली तर?

ग्लोव्ह, क्लीट (खिळ्यांचे बूट), हेल्मेट, बॅट, मुलग्यांना कप (जांघेचं संरक्षक कवच). युनिफॉर्म बहुतेक शाळा देतात.

पैसे वाया जातात ते बॅटमध्ये. बेसबॉलच्या बॅटवर 'बीबीसीओआर .५०' हा (चेंडू बॅटवरून किती उसळू शकतो त्याच्या मर्यादेचा) शिक्का हवाच, २०१२ पासून ही अट आहे. लाकडी बॅट मात्र चालते. बॅटचं औंसांतलं वजन इंचांतल्या लांबीपेक्षा तीनहून जास्त कमी नको, म्हणजे ३३ इंचांची बॅट किमान ३० औंसांची. मिडल स्कूलमधली हलकी बॅट इथे बाद. सॉफ्टबॉलची बॅट ३४ इंचांपर्यंत, आणि तिच्यावर यूएसए सॉफ्टबॉलचा शिक्का हवा. बॅट नियमबाह्य असल्याचं अंपायरच्या लक्षात आलं तर बॅटर आउट.

महाग बॅटची किंमत चारशे डॉलरच्या वर जाते. पहिल्या वर्षी घेऊ नका. डगआउटमध्ये मुलं एकमेकांच्या बॅट वापरतात, त्यातून आपल्या हाताला काय जमतं ते कळतं, मग घ्या. ग्लोव्ह मात्र चांगला घ्या आणि ट्रायआउटच्या आधी मऊ करून ठेवा. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह मोठा असतो, दादाचा बेसबॉलचा ग्लोव्ह ताईला पुरत नाही. मुलींच्या हेल्मेटला पुढे जाळी सक्तीची आहे. पिचर, तिसरा बेस आणि पहिला बेस इथे उभ्या राहणाऱ्या मुलींनी फील्डिंगचा फेस मास्कही घालावा. सक्तीची वाट बघू नका.

७. सामना किती वेळ चालतो? पाऊस आला तर?

हायस्कूलला दोन्ही खेळांत सात इनिंग असतात, टीव्हीवरच्यासारख्या नऊ नाहीत. साधारण दोन तास धरा. बहुतेक राज्यांत पाच इनिंगनंतर दहा धावांचा फरक असेल तर सामना तिथेच थांबवतात.

पावसात रद्द झालेला सामना पुढे ढकलतात. ओल्या एप्रिलनंतर शनिवारी लागोपाठ दोन सामने येतात ते त्यामुळे. विजेबद्दल नियम कडक आहे: गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली की सगळ्यांनी आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर वा चमकेनंतर ३० मिनिटं मैदानात यायचं नाही. २९ व्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. पालकांनीही स्टँडवरून उठून गाडीत बसायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर छत्री धरून बसलेले दोघे-तिघे दर वेळी दिसतातच.

८. माझा मुलगा बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. हे कसं चालतं?

हायस्कूलच्या नियमांत सुरुवातीच्या संघातला खेळाडू एकदा बाहेर गेला तरी एकदा परत येऊ शकतो, पण बॅटिंगच्या त्याच क्रमांकावर. मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमध्ये, गेला तो गेला.

शिवाय पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) बेसवर पोचला तर त्याच्या जागी त्या सामन्यात अजून न उतरलेला खेळाडू धावू शकतो. त्याला कर्टसी रनर म्हणतात. बेसबॉलमध्ये डीएच (डेझिग्नेटेड हिटर) दुसऱ्या खेळाडूच्या जागी फक्त बॅटिंग करतो, पण २०२० पासून सुरुवातीचा एखादा खेळाडू स्वतःचाच डीएच होऊ शकतो. सॉफ्टबॉलमध्ये डीपी (डेझिग्नेटेड प्लेयर) आणि ती जिच्याऐवजी बॅटिंग करते ती फ्लेक्स अशी जोडी असते आणि तिचे डावपेच खरंच किचकट आहेत. स्कोअरबुक लिहिणाऱ्या पालकाशेजारी दोन सामने बसा, कागदावर वाचून ते डोक्यात शिरत नाही.

९. पिच काउंट म्हणजे काय? चांगला पिचर असून त्याला काढलं का?

२०१७ पासून प्रत्येक राज्याला बेसबॉलच्या पिचरने एका दिवशी किती पिच (बॅटरकडे फेकलेले चेंडू) टाकायच्या आणि मग किती दिवस विश्रांती घ्यायची, याचा नियम करावाच लागतो. आकडे राज्याचे स्वतःचे. अंदाजासाठी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलची 'पिच स्मार्ट' तत्त्वं धरा: १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, १७-१८ च्या मुलाने १०५. १५-१६ च्या वयात ३० पर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी चालतं, ३१ ते ४५ ला एक दिवस विश्रांती, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन, त्याहून जास्त असतील तर चार दिवस. म्हणून मंगळवारी ८० टाकलेला मुलगा शुक्रवारच्या मोठ्या सामन्यात पिच टाकत नाही. कोचची खप्पामर्जी झालेली नसते.

कारण कोपर. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला की शस्त्रक्रिया करतात. डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर केली, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. आता ती शाळकरी मुलांवरही होते. शस्त्रक्रियेनंतर परत पिच टाकायला वर्षभर तरी लागतं, म्हणजे हायस्कूलच्या चारातलं एक वर्ष गेलं.

आता मोजणीतल्या पळवाटा. सरावातल्या, बुलपेनमधल्या (मैदानाशेजारी पिचर तयारी करतो त्या जागेतल्या) आणि वॉर्म-अपच्या पिच मोजत नाहीत. रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी (शाळेबाहेरच्या क्लब संघासाठी) टाकलेल्या पिच शाळेच्या वहीत येत नाहीत. पिच टाकून झाल्यावर त्याच सामन्यात कॅचर म्हणून बसलेला मुलगा प्रत्येक चेंडू परत फेकत असतो, तेही कुठे धरलं जात नाही. म्हणजे नियम पाळूनही कोपर झिजू शकतं, आणि हा सगळा हिशोब एकत्र बघणारं घरातल्यांशिवाय कोणीच नसतं. फोनवर एक यादी ठेवा: तारीख, कोणासाठी, किती. मुलाला कोचसमोर "दुखतंय" म्हणायला संकोच वाटतो. वेग कमी झाला, चेंडू वर राहायला लागला, इनिंगमध्ये हात झटकायला लागला, तर त्याच्याशी घरी शांतपणे बोला. आतल्या बाजूचं दुखणं बर्फ लावून झाकू नका.

१०. मग मुलगी आठवड्याला चार सामने कशी टाकते?

कारण एनएफएचएसने सॉफ्टबॉलला अशी सक्ती केलेली नाही. खालून फेकणं नैसर्गिक, त्याने हाताला काही होत नाही, असं अनेक वर्षं मानलं गेलं. तसं नाही. विंडमिल पिचिंगमध्ये, म्हणजे हात गोल फिरवून खालून फेकताना, खांद्यावर येणारा ताण वरून फेकण्याच्या जवळपास जातो, आणि दुखणं बहुतेकदा खांद्याच्या पुढच्या बाजूला, बायसेप्सच्या मुळाशी सुरू होतं. त्यातून अनेक शाळांत एकच खरी पिचर असते. पावसाने सामने साठले (प्रश्न ७) की शनिवारचे दोन्ही सामने तीच टाकते.

इथे माझं मत ठाम आहे: नियम नसला तरी यादी ठेवा, आणि सीझनच्या सुरुवातीलाच मुलीला कोचला विचारू दे की दुसरी पिचर कोण तयार होते आहे. चांगला कोच हा प्रश्न आनंदाने घेतो.

११. शाळेच्या सीझनमध्ये ट्रॅव्हल टीममध्येही खेळता येतं का?

राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात सीआयएफच्या नियमानुसार शाळेचा सीझन चालू असताना त्याच खेळात बाहेरच्या संघाकडून खेळलं तर अपात्र ठरतात. इतर काही राज्यांत चालतं. चालत असलं तरी प्रश्न ९ मधली यादी डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

१२. स्प्रिंग ब्रेकमध्ये भावाच्या लग्नाला भारतात जायचं आहे. चालेल का?

बऱ्याच शाळांच्या स्पर्धा नेमक्या त्याच आठवड्यात असतात. गैरहजेरीबद्दलचं धोरण ट्रायआउटच्या वेळच्या पालक सभेत सांगतात; काही संघांत परतल्यावर एक-दोन सामने बाकावर बसावं लागतं. तिकिटं आधीच काढली असतील तर तारखा ट्रायआउटआधी सांगा, नंतर नाही. गुढीपाडवाही दरवर्षी याच दिवसांत येतो. त्याला सुट्टी मागण्यापेक्षा गुढी सकाळी लवकर उभारा, सामना संध्याकाळी असतो.

१३. मुलाला खेळवत नाहीत. कोचशी बोलू का?

आधी मुलाने बोलायचं. "मला जास्त खेळायला मिळावं म्हणून मी कशावर काम करू?" हा प्रश्न त्याच्या तोंडून यायला हवा. पालक बोलू शकतात ते दुखापत, वागणूक, अभ्यास आणि प्रकृती यांवर. कोण कुठे खेळतं, बॅटिंगचा क्रम, दुसऱ्याचा मुलगा, हे विषय बहुतेक कोच ऐकूनच घेत नाहीत. सामना संपल्या संपल्या तर अजिबात जाऊ नका. अनेक शाळांत २४ तास थांबायचा नियम लेखी असतो. कोचनंतरची पायरी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेच्या सगळ्या खेळांचा प्रमुख. थेट प्रिन्सिपलला ईमेल केलात तर तो फिरून तिथेच येतो.

१४. बूस्टर क्लब, स्नॅक शॅक, सीनियर नाइट: आम्हाला काय करावं लागतं?

बूस्टर क्लब म्हणजे पैसे उभे करणारे पालक. स्नॅक शॅकवर (मैदानाजवळच्या खाऊच्या टपरीवर) दोन-तीन पाळ्या कराव्याच लागतात. संघाच्या जेवणात मूल शाकाहारी असेल तर टीम पॅरेंटला पहिल्याच आठवड्यात सांगा, नाहीतर हॉट डॉगमधला पाव तेवढा हाती येतो. सीनियर नाइटला बारावीतल्या मुलांसोबत आईबाबांना मैदानावर बोलावतात. भारतातून आलेले आजी-आजोबा असतील तर त्यांनाही घेऊन जा.

१५. मुलांच्या मैदानाला दिवे आणि नवा स्कोअरबोर्ड, मुलींना पार्कातलं मैदान. तक्रार करता येते का?

येते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा, २३ जून १९७२ रोजी मंजूर झालेला टायटल नाइन कायदा केंद्राचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक शाळेला लागू आहे. दोन्ही संघांवर डॉलरला डॉलर खर्च हवा, असं कायदा म्हणत नाही. एकंदर वागणूक समान हवी: मैदान, साहित्य, सरावाच्या आणि सामन्यांच्या वेळा, प्रवास, कोच, लॉकर रूम.

यावर शाळेचं नेहमीचं उत्तर असतं की स्कोअरबोर्ड बेसबॉलच्या बूस्टर क्लबने दिला, आमच्या पैशाने नाही. ते पुरेसं नाही. देणगी स्वीकारली की त्यातून आलेली सोय शाळेने दिल्यासारखीच धरतात, आणि मुलींकडची उणीव भरून काढायची जबाबदारी शाळेवर येते. प्रत्येक डिस्ट्रिक्टला टायटल नाइन समन्वयक नेमावा लागतो, नाव वेबसाइटवर असतं. फोटो, तारखा आणि दोन्ही संघांची वेळापत्रकं जोडून लेखी लिहा. एकटीने लिहू नका. चार-पाच घरांनी मिळून लिहिलं की एका मुलीकडे बोट दाखवलं जात नाही.

१६. मुलीला सॉफ्टबॉल नको, बेसबॉलच खेळायचं आहे. जमेल का?

अनेक ठिकाणी जमतं, आणि देशभरात काही मुली दरवर्षी मुलांच्या संघात खेळतात. शाळा कधी म्हणते की सॉफ्टबॉल आहे ना, तेच खेळ. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हे दोन खेळ एकमेकांना पुरेसे समतुल्य नाहीत असं ठरवून मुलीला बेसबॉलच्या ट्रायआउटची वाट मोकळी केली. तो निकाल त्या राज्यापुरता बंधनकारक आहे, पण इतरत्र बोलताना उपयोगी पडतो. ट्रायआउटची हमी मिळते, संघातल्या जागेची नाही. नववीच्या सुरुवातीलाच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला लेखी विचारा.

१७. आम्ही एच-४ वर आहोत. मूल खेळू शकतं का? कॉलेजची स्कॉलरशिप?

शाळेच्या संघात खेळायला एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आड येत नाही.

स्कॉलरशिपवर मदार ठेवू नका. एनसीएए या कॉलेजांच्या खेळसंघटनेच्या सर्वांत वरच्या गटात, डिव्हिजन १ मध्ये, अनेक वर्षं एका बेसबॉल संघाला ११.७ आणि सॉफ्टबॉल संघाला १२ स्कॉलरशिपइतकेच पैसे होते, तेही तुकडे करून वाटलेले. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, पण खेळाडूंची कमाल संख्या बेसबॉलला ३४ आणि सॉफ्टबॉलला २५ झाली. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. डिव्हिजन १ साठी १६ मुख्य विषयांचे वर्ग पूर्ण हवेत, ते नववीपासून मोजतात. नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीतून मिळणारे पैसे व्हिसाच्या अटींत अडकू शकतात. एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

१८. नोकरीमुळे सीझनच्या मध्यात दुसऱ्या राज्यात जावं लागलं. मुलगा तिथे लगेच खेळेल?

अख्खं कुटुंब खरोखर राहतं घर बदलून गेलं असेल तर बहुतेक राज्यांत पात्रता मिळते. भाडेकरार, विजेचं बिल, जुन्या शाळेची सही लागते. बाबा पुढे गेले आणि आई-मुलगा जून संपेपर्यंत मागे राहिले, तर अडचण नाही. उलटं केलं, म्हणजे मुलाला काकाकडे ठेवून तिथल्या शाळेत घातलं, तर बहुधा काही काळ किंवा वर्षभर व्हर्सिटी बंद. नव्या राज्यात ट्रायआउट होऊन गेले असतील तर कोचला जागा देण्याची सक्ती नसते. फॉर्मवर सही करायच्या आधी नव्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरशी बोला.

१९. भारतातून आल्यावर मुलीला एक इयत्ता खाली बसवलं. बारावीत ती १९ ची होईल. खेळता येईल?

तारखेवर आहे. टेक्सास आणि न्यू जर्सीसकट अनेक राज्यांत १ सप्टेंबर ही रेघ आहे. त्याआधी १९ पूर्ण झाली असतील तर ते वर्ष खेळता येत नाही. नंतर होणार असतील तर सीझनच्या मध्यात वाढदिवस आला तरी हरकत नाही. याशिवाय बहुतेक राज्यांत नववीत पाय ठेवल्यापासून आठच सेमिस्टर मिळतात, मग मधलं एखादं वर्ष खेळली नसली तरी. नववी भारतात एकदा झाली असेल आणि इथे पुन्हा केली, तर ती दोन सेमिस्टर मोजायची की नाही हे राज्य संघटना ठरवते. सूट मागता येते. अर्ज शाळेमार्फत जातो आणि निकालाला वेळ लागतो, म्हणून भारतातल्या गुणपत्रिका आणि जन्मदाखला घेऊन दहावीतच अर्ज टाका.